प्रलंबित घास

“सुषमा, ताट वाढलंस की पाठ फिरवायची नाही. समोरच्याने पहिला घास घेतलेला आपल्या डोळ्यांनी बघायचा. वाढलेलं एक जरी ताट तसंच पडून असेल, तरी आपण अन्नाला शिवायचं नाही. आणि दिवेलागण झाली की मग जेवायचंच नाही. पाणी पिऊन निजायचं.”

सुषमाच्या सासूबाई विठाबाई यांनी हे सांगितलं तेव्हा त्या कांदा चिरत होत्या. डोळ्यांना धार लागली होती, त्यामुळे सुषमाला ते सगळं फारच गंभीर वाटलं आणि तिने मान हलवली. सासूबाई गेल्या, नियम राहिला. बदलापूर पूर्वेला, कात्रपमधल्या ‘विठाई भोजनगृहा’त सुषमा तो रोज पाळत आली.

नियम घालून दिला तेव्हा तो अगदी सोपा होता. माणूस भुकेला असे, ताट भरलेलं असे, आणि या दोघांच्या मध्ये तिसरं कुणी येत नसे. ताट टेबलाला टेकायच्या आत हात भाकरीवर पडे. काही गिऱ्हाइकांचा पहिला घास तर ताट हवेत असतानाच उरकलेला असे. दोनच्या सुमारास गर्दी ओसरली की सुषमा मागे चुलीपाशी पाटावर बसे. बारवीकडच्या पाड्यावरून भाकऱ्या करायला येणारी चंद्री तिला तव्यावरची गरम भाकरी वाढे. सुषमा चित्राहुती घाली आणि जेवे. कुणाची काही तक्रार नव्हती.

पुढे मोबाईलला डोळे फुटले.

ताट आलं की ते आधी उजेडाकडे सरकवण्यात येऊ लागलं. मग वाटी फिरवली जाई, कारण वालाच्या बिरड्याची ती बाजू चांगली दिसत नसे. लिंबाच्या फोडीची भातावरून पापडावर, पापडावरून ठेच्यावर बदली होई आणि शेवटी ती मूळ जागी पुन्हा रुजू होई. मग कुणीतरी खुर्चीवर चढे. तेवढ्यात वाफ जाई. वाफ गेली म्हणून ताट गरम करायला आत येई, गरम होऊन बाहेर जाई आणि खुर्चीवर चढलेला माणूस तोवर फोनवर बोलत असे.

नैवेद्य दाखवतात तेव्हा डोळे मिटून पाणी फिरवायचं आणि ताट उचलायचं असतं. देव फार वेळ घेत नाही. मोबाईल घेतो.

सुषमा भिंतीला टेकून, हातात वरणाची बादली धरून उभी राही. मोठ्याने बोलायची तिला सवय नव्हती. तिचं जेवण दोनवरून तीनवर गेलं, तिनावरून पाचवर गेलं आणि एक दिवस दिवेलागणीच्या पलीकडे गेलं. देवासाठी ती सोमवार आणि चतुर्थी धरायची. आता शेजारच्या इमारतीतली रुचिका, जी घरूनच कंपनीचं काम करायची आणि दुपारी इथे जेवायची, तिच्यासाठी मंगळवार, बुधवार आणि गुरुवारही धरावे लागू लागले. देवांच्या उपासाला निदान साबुदाणा तरी चालतो.

एका शुक्रवारी सुषमाला वाढताना भोवळ आली आणि वरण ताटाऐवजी रुचिकाच्या मोबाईलवर पडलं.

“बघा,” चंद्री आतून म्हणाली, “पयला घास त्यानंच घेतला. किती दिसांचा उपाशी व्हता बिचारा!”

त्या दिवशी सुषमाचे यजमान सुदामराव यांनी प्रकरणात लक्ष घातलं. सुदामराव एका सरकारी कार्यालयातून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाले होते. घरी आल्यापासून त्यांच्या हाताला काम होतं, पेनाला नव्हतं.

“हा प्रलंबित घासांचा विषय आहे,” ते चष्मा पुसत म्हणाले. “ताट वाढल्याचा क्षण आणि घास घेतल्याचा क्षण यांत अवाजवी विलंब होतोय. उपाय एकच. मनाई.”

“अहो, नुसतं सांगितलं तर नाही चालणार? प्रेमाने?”

“प्रेमाला जावक क्रमांक नसतो, सुषमा.”

दुसऱ्या दिवशी भिंतीवर फलक लागला: ‘या भोजनगृहात वाढलेल्या अन्नाचे छायाचित्रण करण्यास सक्त मनाई आहे. घास प्रथम. हुकमावरून.’

“कुणाच्या हुकमावरून?” सुषमाने विचारलं.

“ते लिहायचं नसतं. लिहिलं की लोक त्याला भेटायला जातात.”

रुचिकाने फलक वाचला आणि तिचा चेहरा पडला. “काका, असं कसं? फोटो नाही टाकला तर मी जेवले हे कळणार कसं?”

“पोटाला कळेल.”

“पोटाला फॉलोअर किती आहेत?”

सुदामरावांकडे ही आकडेवारी उपलब्ध नव्हती. रुचिकाने ताट बाजूला सारलं, स्वतःचा चेहरा मोबाईलमध्ये धरला आणि गालाशेजारी अळूवडी येईल अशा बेताने मान वाकडी केली. “सेल्फी आहे काका. अळूवडी मागून आली, त्याला मी काय करू?”

संध्याकाळी शुद्धिपत्रक निघालं: ‘व्यक्तीच्या छायाचित्रात अन्न आल्यास ते आगंतुक मानून चौकटीबाहेर काढावे.’ मग लोक स्टीलच्या पेल्यात पडलेल्या थाळीच्या प्रतिबिंबाचा फोटो काढू लागले. पुरवणी शुद्धिपत्रकान्वये पेले काळे करण्यात आले. एका गृहस्थाने मोबाईल खिशात ठेवला आणि थाळीचं चित्र काढायला घेतलं. तो सुबक चित्रकार होता. भाताच्या शितांना छटा देता देता त्याला चार वाजले, आणि सुषमा बादली धरून उभीच. अखेर बहुतेक गिऱ्हाईक समोरच्या पावभाजीवाल्याकडे गेलं, कारण तिथे खुर्चीवर चढू देत होते.

या अवस्थेत उल्हासनगरहून हरेशभाई आले. फर्निचरच्या शोरूमांमध्ये टीपॉयवर ठेवायची प्लास्टिकची फळं ते पुरवत. कात्रपला माल पोचवायला आले की विठाईत जेवत.

“साईं, मनाई कशाला?” ते खोका टेबलावर ठेवत म्हणाले. “कस्टमरला ‘ना’ बोलायचंच नाही. फोटोची थाळी अलग, खायची थाळी अलग. हे बघा.”

खोक्यातून प्लास्टिकची थाळी निघाली. भाकरीवर तव्याचे डाग होते. ठेच्यात मिरचीच्या बिया होत्या. सोलकढीत कोथिंबिरीचं पान तरंगत होतं आणि ते कायम तरंगणार होतं.

“पण वाफ?” सुदामरावांनी नेमकी त्रुटी काढली.

“वाटीच्या मागे बटण आहे, साईं.”

बटण दाबल्यावर बिरड्यातून अशी वाफ निघाली की चंद्री तवा सोडून बघायला आली. “या बया,” ती म्हणाली, “माझ्या भाकरीला नाय येत एवढी!”

बंदीत तत्काळ सुधारणा झाली. खऱ्या अन्नाचं छायाचित्रण निषिद्ध, प्रतिकृतीचं अनुज्ञेय. लोक परत आले. एका हाताने खिडकीत मांडलेल्या प्लास्टिकच्या थाळीचा फोटो काढू लागले, दुसऱ्या हाताने खरी भाकरी मोडू लागले. रुचिकाच्या फोटोखाली कुणीतरी ‘किती खरं, किती मातीतलं’ असं लिहिलं. दोन वाजता सगळे घास निकालात निघाले आणि किती दिवसांनी तरी सुषमा पाटावर बसली. चंद्रीने भाकरी वाढली. सुषमाने पाणी फिरवलं आणि थांबली.

“काय झालं?” सुदामरावांनी विचारलं.

“अहो, ते ताट राहिलंय.”

“कुठलं? सगळे जेवले.”

“ते. खिडकीतलं.”

“ते प्लास्टिकचं आहे!”

“पण मीच मांडलं ना?” सुषमा हळूच म्हणाली. “पदर खोचून मांडलं. आणि सवयीने ‘जेवा सावकाश’ म्हणून बसले त्याच्याकडे बघून.”

दुसरा कुणी नवरा असता तर हसला असता. सुदामराव मुख्य लिपिक होते. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि त्यांना दोष सापडेना. एकदा प्रकरण दाखल झालं की ते मुळात खोटं होतं म्हणून आपोआप बंद होत नाही. ते निकाली काढावं लागतं.

“मग आता त्यातला घास कोण घेणार?” चंद्रीने कमरेवर हात ठेवले. “भाऊ, तुमी घ्या. तुमचे दात बी प्लास्टिकचेच हायत.”

हरेशभाईंना उल्हासनगरहून फोन करून बोलावण्यात आलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. सुषमाच्या उतरलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना राहवलं नाही. “भाभी, तुम्ही उपाशी राहायचं माझ्या मालापायी? ना, ना.” त्यांनी आपल्या देवाचं, झुलेलालचं, नाव घेतलं आणि बिरड्याच्या वाटीला तोंड लावलं. कटकन आवाज झाला.

“गिळलंत का हो?” सुषमाने काळजीने विचारलं. नुसतं तोंडात धरलं तर नियमात बसत नव्हतं.

“गिळलं, भाभी,” हरेशभाई क्षीण आवाजात म्हणाले. “बटण गिळलं.”

त्या दिवशी सुषमा जेवली. हरेशभाईंच्या तोंडून मात्र संध्याकाळपर्यंत अधूनमधून वाफ येत होती. उल्हासनगरला दुकानात लोकांनी विचारलं तर त्यांनी ठेचा तिखट होता असं सांगितलं. थाळी मात्र ते परत घेऊन गेले. रोज एक बटण गिळणं त्यांना परवडणारं नव्हतं.

मूळ फलक पुन्हा लागला, आणि या सगळ्याचा बोभाटा वरपर्यंत गेला. खाद्यदृश्य नियंत्रण कक्षाचे अधिकारी एके दुपारी विठाईत दाखल झाले. असा कक्ष अस्तित्वात आहे हे तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं, बहुधा कक्षालाही नसावं. सुदामराव मनातून घाबरले होते, पण साहेबांनी फलक वाचला आणि पाठ थोपटली.

“उत्तम उपक्रम! शासनाचं धोरण हेच आहे. फक्त एक. बंदी पाळली जाते याचा पुरावा?”

“साहेब, इथे कुणीच फोटो काढत नाही.”

“छान. त्याचे फोटो आहेत?”

“कशाचे?”

“न काढल्याचे.”

सुदामरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. निवृत्तीनंतर इतकं स्वच्छ मराठी त्यांच्याशी कुणी बोललं नव्हतं.

कार्यपद्धती ठरली. प्रत्येक ताटाचे तीन बाजूंनी जिओ-टॅग केलेले फोटो भोजनगृहाच्या चालकाने काढायचे. चौकटीत मनाईचा फलक स्पष्ट वाचता आला पाहिजे. जेवणाऱ्याचे दोन्ही तळहात उघडे दिसले पाहिजेत, म्हणजे हातात मोबाईल नाही हे सिद्ध होईल. ताट अस्पर्शित हवं, नाहीतर फोटो जेवणानंतर काढल्याचा संशय राहतो. फोटो कक्षाकडे पाठवायचे, तिकडून मान्यता यायची, आणि मग घास.

“आणि नेटवर्क नसलं तर?” चंद्रीने विचारलं.

“तर घास प्रलंबित,” साहेब आणि सुदामराव एकदमच म्हणाले. एकमेकांकडे बघून हसले. सख्खे भाऊ भेटल्यासारखे.

सुषमाने साहेबांना ताट वाढलं. गरम भाकरी, बिरडं, चंद्रीने सकाळी पाड्यावरून आणलेल्या कुर्डूची भाजी. साहेबांनी भाजीचा वास घेतला, वा म्हणाले, आणि मोबाईल काढून ताटाचा फोटो घेतला.

“साहेब, मनाई आहे,” सुषमा हळू आवाजात म्हणाली.

“हा फोटो नाही ताई, हा भेट दिल्याचा पुरावा.” मग त्यांनी भाकरीचा जवळून एक वेगळा पुरावा घेतला.

विठाईचे दिवस फळफळले. स्वतः फोटो काढायचे कष्ट नकोत, भोजनगृहच काढतं, तेही तिन्ही बाजूंनी, अक्षांश-रेखांशासकट! अंबरनाथ पूर्वेहून गाड्या येऊ लागल्या. लोक फलकाखाली तळहात उघडे करून, दीक्षा घेतल्यासारखे रांगेत बसत. सुदामराव खुर्चीवर चढत, उतरत, चढत. फोटोच्या प्रती मिळाव्यात म्हणून रुचिकाने माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. ‘सदर थाळी आपण भक्षण केली असल्याने आता ती त्रयस्थ पक्ष ठरते, सबब माहिती देता येत नाही,’ असं उत्तर आलं. तिने ते उत्तरच समाजमाध्यमावर टाकलं. थाळीला मिळाले नव्हते इतके लाईक त्याला मिळाले.

पहिला घास मात्र आता दुपारच्या ताटातला संध्याकाळी पडू लागला. वरण साखळे, भाताचे गोळे होत, पापड मऊ पडत. लोकांची तक्रार नव्हती, फोटो मऊ पापडाचा नव्हता. भिंतीपाशी सुषमा बादली धरून उभी. तिच्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या होत्या. चंद्री रोज तिच्या वाटणीची भाकरी तव्यावर टाकी आणि रोज ती गाईला घाली. गाय चांगली गुबगुबीत झाली.

“भाऊ,” चंद्री एकदा सुदामरावांना म्हणाली, “ताईच्या अंगात काय उरलं नाय. तुमाला दिसतंय का?”

“हे शेवटचं ताट होऊ दे,” सुदामराव खुर्चीवरून म्हणाले. ते रोज हेच म्हणत.

मग तो दिवस आला. ऊन कलायला लागलं होतं. हॉल भरलेला, तळहात उघडे, ताटं अस्पर्शित. सुदामराव खुर्चीवर उभे राहून रुचिकाच्या थाळीची तिसरी बाजू साधत होते. पडद्यावर भिंतीशी कुणीतरी दिसत होतं. फलकाचं ‘सक्त’ त्या बाईमागे झाकलं जात होतं.

“जरा बाजूला व्हा बाई, फ्रेममध्ये येताय,” ते म्हणाले.

बाई बाजूला झाली. आधी तिने वरणाची बादली नीट खाली ठेवली, सांडू नये म्हणून. मग ती भिंतीवरून घसरत खाली बसली आणि कलंडली. सुदामरावांना मोबाईलच्या पडद्यावर ते सगळं फार स्पष्ट दिसलं, आणि ती बाई आपली बायको आहे हे त्याच्या नंतर दिसलं.

ते खुर्चीवरून उतरले की पडले, हे त्यांनाही सांगता येणार नाही. चंद्री पाणी घेऊन धावली. रुचिका मेनूकार्डाने वारा घालू लागली. सुषमाने डोळे उघडले, सगळ्यांकडे पाहिलं आणि इतक्या हळू बोलली की सुदामरावांना कान तोंडाशी न्यावा लागला.

“काय म्हणतात काकू?” रुचिकाने विचारलं.

“म्हणते,” सुदामराव म्हणाले, “कोपऱ्यातल्या पाहुण्यांनी घास घेतला का विचार.”

“त्यांचा घास गेला, की मगच तिला भाकरी चालंल,” चंद्री खेकसली. “तुमच्या सगळ्यांपायी ती उपाशी हाय. एवढे दिस. कुणाला ठाव नव्हतं?”

जेवायला बसलेल्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. तिन्ही बाजूंनी काढलेल्या एकाही फोटोत ते आलं नव्हतं.

रुचिकाने मोबाईल पालथा घातला, भाकरीचा तुकडा मोडला, बिरड्यात बुडवला आणि तोंडात टाकला. “अय्या,” ती भरल्या तोंडाने म्हणाली, “काय चव आहे हो!” इतके महिने ती रोज इथे जेवत होती. मग कोपऱ्यातल्यांनी घास घेतला, मग खिडकीतल्यांनी, आणि एका दमात सगळ्या हॉलने. मऊ पडलेले पापडसुद्धा लोकांनी कुरकुरीत असल्यासारखे खाल्ले. सुदामरावांनी खिळ्यावरून फलक उतरवला. मान्यता नको, पुरावा नको. कक्षाला काय कळवायचं ते कळवू नंतर.

त्यांनी सुषमाला हाताला धरून मागे पाटावर बसवलं. “आज तू जेवायचंस. दिवेलागणीच्या आत. हा माझा शब्द.”

“शब्द नका देऊ,” सुषमा म्हणाली. “एक पार्सल राहिलंय. पालेगावला गेलेलं.”

पार्सलचा घास डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून तो फोनवर विचारून घ्यायची विठाईत पद्धत होती. सुदामरावांनी पालेगावच्या त्या नव्या टॉवरमध्ये फोन लावला. घरातल्या कुणा बाईंनी उचलला.

“पार्सल? हो, कधीच आलं. पानात वाढलंय, समोरच आहे.”

“मग पहिला घास झाला ना?”

“नाही अजून. हातात मोबाईल आहे ना.”

सुदामरावांनी कपाळाला हात लावला. “फोटो काढणं चाललंय?”

“छे हो!” बाईंचा आवाज दुखावला. “आमच्याकडे असलं काही नाही. ताटाचे फोटो काढणाऱ्यांची तर इथे चेष्टाच चालते. वाचन चाललंय. तसल्याच लोकांवरची कसलीशी गोष्ट आहे, मघापासून एकटंच हसणं चालू आहे. ‘लोकांना काय वेड लागलंय’ म्हणून मला वाचूनही दाखवलं. जेवण निवतंय म्हटलं, तर म्हणे थांब, थोडंच राहिलंय, शेवटपर्यंत आलं.”

फोन ठेवला गेला. मागच्या दाराबाहेर डोंगराच्या माथ्यावर ऊन उरलं होतं, तेही पिवळं. पाटावर बसल्या बसल्या सुषमाचा डोळा लागला होता. तिच्यापुढे पान मांडलेलं होतं आणि चंद्री तव्यावर भाकरी परतत होती.

“मी पालेगावला जाऊन येतो,” सुदामराव हळूच म्हणाले.

“भाऊ, तिथं जाऊन काय करनार तुमी?” चंद्री कुजबुजली.

“उभा राहीन,” सुदामराव म्हणाले. “समोर. घास जाईपर्यंत.”

त्यांनी मोबाईल फळीवर ठेवून दिला आणि खुंटीवरची स्कूटरची किल्ली काढून घेतली. सुषमाची झोप मोडू नये म्हणून गाडी चालू न करता ढकलतच गल्लीच्या तोंडापर्यंत नेली, आणि तिथून पालेगावची वाट धरली.